चौकट, काळ आणि रूपांतर : 'चिंटू' आणि माजलगावच्या ओव्या

१

साहित्यकृतीच्या चित्रपटीय रूपांतराविषयीची मराठीतील चर्चा बहुधा निष्ठेच्या प्रश्नापाशी सुरू होते आणि तेथेच थांबते. 'श्यामची आई' (१९५३), 'जैत रे जैत' (१९७७) किंवा 'बनगरवाडी' (१९९५) या चित्रपटांविषयी लिहिताना मूळ पुस्तकातील कोणते प्रसंग राहिले, कोणते गळाले, पात्रे वाचकाच्या मनातील पात्रांशी जुळली की नाही, हे तपासले जाते आणि या हिशेबावरून रूपांतराचा निवाडा केला जातो. या पद्धतीमागे एक गृहीतक आहे. कृतीचा आशय तिच्या माध्यमापासून सुटा करता येतो आणि दुसऱ्या माध्यमात जसाच्या तसा ओतता येतो, असे ते गृहीतक. भांडे बदलले तरी पाणी तेच राहते, अशी ही समजूत. कादंबरीच्या बाबतीत ती काही प्रमाणात खपून जाते, कारण कादंबरी आणि कथापट ही दोन्ही दीर्घ कथनाचीच रूपे आहेत. चित्रमालिकेच्या बाबतीत मात्र ती उघडी पडते. तीन-चार चौकटींत संपणाऱ्या चित्रमालिकेचा आशय असा वेगळा काढून दाखवता येत नाही. काढायला गेल्यास हाती एक फुटकळ विनोद तेवढा उरतो.

प्रस्तुत लेखात दोन रूपांतरे शेजारी ठेवली आहेत. एक, चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांच्या 'चिंटू' या चित्रमालिकेचे श्रीरंग गोडबोले यांनी २०१२ मध्ये केलेले चित्रपटीय रूपांतर. दुसरे, बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरातील स्त्रियांनी जात्यावरच्या ओवीचे केलेले रूपांतर. पहिले नागर, मध्यमवर्गीय, छापील संस्कृतीतून आलेले. दुसरे मौखिक, श्रमाशी जोडलेले, दलित स्त्रियांच्या कंठातले. वरवर पाहता त्यांना एका लेखात आणण्याचे कारण दिसत नाही. परंतु दोहोंच्या तळाशी एकच प्रश्न आहे : कृतीतील काळ कोणाच्या हातात असतो आणि रूपांतरानंतर तो कोणाच्या हाती जातो? या प्रश्नाच्या उजेडात निष्ठेची संकल्पना पुन्हा तपासून पाहता येते.

२

'चिंटू' ही चित्रमालिका २१ नोव्हेंबर १९९१ पासून दैनिक 'सकाळ'मध्ये प्रसिद्ध होऊ लागली. एक खोडकर, अभ्यासाचा कंटाळा करणारा, तोंडाळ पण निरागस मुलगा, त्याचे आईवडील, पप्पू, मिनी, बगळ्या, राजू ही मित्रमंडळी, घर, शाळा आणि खेळण्याची जागा. एवढ्या सामग्रीवर ही मालिका वर्षानुवर्षे चालली. तिचे बळ प्रसंगांच्या नावीन्यात नव्हते. परीक्षा, गृहपाठ, पाहुणे, सुट्टी हे विषय पुनःपुन्हा येत. बळ होते ते प्रसंगाला चौकटीत बसवण्यात.

चित्रमालिकेच्या रचनेत दोन चौकटींमधील पांढऱ्या पट्टीला अर्थनिर्मितीच्या दृष्टीने मध्यवर्ती स्थान आहे, हे स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३ मध्ये आपल्या ग्रंथात सविस्तर मांडले. पहिल्या चौकटीत आई हाक मारते आणि दुसऱ्या चौकटीत चिंटू पलंगाखाली दिसतो. मधली धावपळ कोणीही काढलेली नसते. ती वाचक करतो. वोल्फगांग इझर यांनी साहित्यसंहितेतील ज्या रिक्त स्थानांची चर्चा केली, त्यांचेच हे दृश्य रूप होय. फरक एवढाच, की कादंबरीतील रिक्त स्थान शोधावे लागते, चित्रमालिकेत ते कागदावर कोरे सोडलेले असते.

या कोऱ्या पट्टीचे दुसरे वैशिष्ट्य काळाशी संबंधित आहे. लेसिंगने 'लाओकोऑन'मध्ये (१७६६) चित्राला अवकाशाची आणि काव्याला काळाची कला म्हटले. चित्रमालिका या विभागणीच्या सीमारेषेवर उभी असते. तिच्या चौकटी अवकाशात शेजारी शेजारी असतात. काळ त्यांच्यात नसतो, तो वाचकाच्या नजरेबरोबर उत्पन्न होतो. दुसऱ्या चौकटीवर किती थांबायचे, शेवटची चौकट आधी पाहून मग मागे यायचे की नाही, हे वाचक ठरवतो. ती वाचणारे मूल असेल तर त्याला हा अधिकार विशेष मोलाचा असतो, कारण त्याच्या दिवसातील बाकी सर्व काळ मोठ्यांच्या हातात असतो. शाळेची घंटा, अभ्यासाची वेळ, झोपण्याची वेळ यांत बांधलेल्या मुलाला रोज सकाळी अर्ध्या मिनिटाचा का होईना, स्वतःच्या गतीने चालणारा काळ 'चिंटू'ने दिला. या मालिकेच्या लोकप्रियतेचे एक कारण येथे आहे.

चिंटूचे वय वाढत नाही, हा चित्रमालिकेचा सर्वमान्य संकेत. पण या संकेताला सामाजिक बाजूही आहे. चिंटूचे बालपण थांबलेले राहू शकते, कारण ते ज्या घरात आहे ते घर जागचे हलत नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या मुलांचे वर्ष असे नसते. दिवाळीच्या आगेमागे हंगाम सुरू होतो, आईबाप कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात, आणि शाळेचे सत्र ऐन भरात असताना वर्गातील पट रिकामा होऊ लागतो. मुले मागे राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहे काढावी लागतात. परीक्षा आणि सुट्टी यांच्या आवर्तनावर उभा असलेला चिंटूचा काळ सार्वत्रिक बालपणाचा काळ नव्हे. तो एका वर्गाच्या स्थिरतेचा काळ आहे. यात चित्रमालिकेचा दोष दाखवण्याचा हेतू नाही. तिच्या चौकटीबाहेर काय राहते, याची नोंद रूपांतराच्या विचारासाठी आवश्यक आहे, एवढेच.

३

१८ मे २०१२ रोजी 'चिंटू' हा चित्रपट प्रदर्शित झाला. शुभंकर अत्रे या बालनटाने चिंटूची, तर सुबोध भावे आणि विभावरी देशपांडे यांनी त्याच्या आईवडिलांची भूमिका केली. वर्षभराच्या आतच, एप्रिल २०१३ मध्ये, 'चिंटू २ : खजिन्याची चित्तरकथा' हा दुसरा चित्रपट आला.

रूढ निष्ठेच्या कसोटीवर पहिला चित्रपट उत्तीर्ण होतो. पात्रे ओळखू येतात, केसांची ठेवण जुळते, घरातील संवादांचा सूर सांभाळला आहे. तरीही चित्रमालिकेच्या नित्य वाचकाला काहीतरी हुकल्याचे जाणवते, आणि जे हुकले आहे ते आशयाच्या यादीत सापडत नाही. हुकली आहे ती कोरी पट्टी. चित्रपट सेकंदाला चोवीस चित्रे दाखवतो आणि त्यांमधील अंतर डोळ्याला दिसू नये अशीच त्याची रचना असते. आईची हाक आणि पलंगाखालचा चिंटू यांमधील धावपळ आता प्रत्यक्ष पळून दाखवावी लागते. वाचकाचे काम नट करतो. काळ वाचकाच्या नजरेतून निघून यंत्राच्या गतीकडे जातो.

या हानीची भरपाई चित्रपट कथानकाने करू पाहतो. दोन तासांचा अवधी तीन-चार चौकटींच्या विनोदांनी भरत नाही. त्याला पेच हवा, विरोधक हवा, निरसन हवे. पहिल्या चित्रपटात मुलांचे खेळाचे मैदान हातचे जाणे हा पेच आहे. ही निवड अर्थपूर्ण म्हणावी लागेल. चित्रमालिकेत मैदान ही केवळ पार्श्वभूमी असते, मोजक्या रेषांत सुचवलेली आणि म्हणूनच कायम उपलब्ध. चित्रपटात ते जागेचे रूप घेते. जागा म्हटली की मालकी आली, अतिक्रमण आले, शहराची वाढ आली. थांबलेल्या काळात इतिहास शिरला. चित्रपटाने वाचकाचा काळ काढून घेतला हे खरे. पण त्याच्या मोबदल्यात त्याने चिंटूला एक काळ दिला, जो चित्रमालिकेत त्याला नव्हता.

अडचण पुढे येते. हा इतिहास शिरल्यावर त्याचे काय करायचे, याची तयारी चित्रपटापाशी नाही. मैदान जाण्यामागची शक्ती एका खलपात्रात एकवटली, की प्रश्न मुले विरुद्ध गुंड एवढा आटोपशीर होतो, आणि बालचित्रपटाची ठरलेली वाट समोर येते. जेथे चित्रपट घरातील लहान प्रसंगांशी थांबतो, तेथे तो चित्रमालिकेच्या जवळ जातो आणि स्वतःच्या पायावरही उभा राहतो. जेथे पेच पुढे ढकलण्याची घाई होते, तेथे तो दोहोंपासून दूर जातो. दुसऱ्या चित्रपटात शिबीर आणि खजिन्याचा शोध आल्यावर हे अंतर आणखी वाढते. तेथे चिंटूच्या जागी कोणताही धीट मुलगा चालला असता.

चित्रमालिकेची चौकटच पडद्यावर आणण्याचे प्रयत्न जगात झालेले आहेत. एडगर राइट यांच्या 'स्कॉट पिल्ग्रिम व्हर्सेस द वर्ल्ड' (२०१०) या चित्रपटात ध्वनीची अक्षरे पडद्यावर उमटतात, आणि नायकाच्या हौशी वाद्यवृंदाचा ओबडधोबड सूर कथेच्या गतीला खीळ घालतो वा ढकलतो. 'स्पायडरमॅन : इंटू द स्पायडर-व्हर्स' (२०१८) मध्ये छपाईचे ठिपके आणि चौकटी यांनाच दृश्यभाषा केले आहे. 'पर्सेपोलिस' (२००७) मध्ये मार्जान सत्रापी यांनी आपल्याच काळ्यापांढऱ्या रेषेला हालचाल दिली. या चित्रपटांतही काळ यंत्राच्याच हाती असतो. परंतु तो कोणाकडून घेतला आहे, याची जाणीव प्रेक्षकाला राहते. 'चिंटू'च्या रूपांतरात ही जाणीव नाही. तेथे रूपांतर म्हणजे रेषेच्या जागी हाडामांसाचा मुलगा उभा करणे, एवढाच अर्थ गृहीत धरला आहे.

४

दुसऱ्या चित्रपटाच्या उपशीर्षकातील 'चित्तरकथा' या शब्दापाशी थोडे थांबले पाहिजे. आजच्या मराठीत 'चित्तरकथा' म्हणजे नवलाची, वळणावळणाची, क्वचित दैन्याची कहाणी. शब्दाच्या पोटात मात्र 'चित्र' आहे. चित्र दाखवून सांगितलेली कथा हा अर्थ मागे पडला आणि तिच्यातले नवल तेवढे उरले. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाने चित्रकथीची जी परंपरा जपली, तिच्यात तो मूळ अर्थ अजून जिवंत आहे. पोथीतील एकेक चित्र श्रोत्यांसमोर धरायचे, वाद्यांच्या साथीने गायचे, सांगायचे, आणि प्रसंग संपला की चित्र बदलायचे. येथे चित्र आणि गाणे यांना जोडणारा सांगणारा समोर असतो. श्रोते रमले तर तो चित्र धरून ठेवतो, चुळबुळ झाली तर पुढचे काढतो. काळ त्याच्या हातात असतो, पण तो हात श्रोत्यांकडे पाहून चालतो.

चित्रमालिकेत आवाज नसतो. फुग्यातील शब्द वाचक आपल्या मनातील आवाजात वाचतो. चित्रपटात आल्यावर चिंटूला आवाज मिळाला आणि त्याबरोबर गाणेही मिळाले. येथे 'चिंटू'च्या निर्मात्यांनी एक लक्षणीय निवड केली. गीतांसाठी संदीप खरे आणि संगीतासाठी सलील कुलकर्णी यांच्याकडे ते वळले. ही जोडी चित्रपटातून पुढे आलेली नव्हती. २००३ पासून 'आयुष्यावर बोलू काही' या मंचीय कार्यक्रमातून त्यांनी स्वतःच्या कवितांची स्वतः बांधलेली गाणी श्रोत्यांसमोर आणली, आणि 'अग्गोबाई ढग्गोबाई'सारख्या संग्रहांतून मुलांसाठी चित्रपटबाह्य गाण्याला नवा श्रोता मिळवून दिला. भावगीताच्या परंपरेतील हे पुढचे पाऊल होते. मधला चित्रपट वगळून कवी आणि श्रोता यांनी थेट भेटणे, हे या गाण्याचे स्वातंत्र्य. मंचावर दोन गाण्यांमध्ये गप्पा होतात, प्रतिसाद बघून क्रम बदलता येतो. पिंगुळीच्या चित्रकथ्याशी या मांडणीचे दूरचे नाते आहे.

'चिंटू'मध्ये हे गाणे आले आणि चित्रपटातील सर्वांत मोकळ्या जागा त्याने दिल्या, कारण गाण्याच्या वेळी पेच पुढे जात नाही. प्रसंग थांबतो आणि मुलाचे मन दिसते. चित्रमालिकेची कोरी पट्टी काही अंशी परत मिळते ती येथे. परंतु मंचावरचे स्वातंत्र्य मागे राहते. गाण्याची लांबी, जागा, आवाज आता कायमचे ठरले. 'स्वतंत्र गाणे' या संज्ञेचा अर्थ केवळ 'चित्रपटात नसलेले गाणे' असा घ्यायचा, की काळावर गाणाऱ्याचा ताबा असलेले गाणे असा घ्यायचा, हा प्रश्न येथे उभा राहतो. दुसरा अर्थ स्वीकारला, तर मराठीतील सर्वांत जुन्या आणि सर्वांत विपुल स्वतंत्र गाण्याकडे, म्हणजे जात्यावरच्या ओवीकडे, वळणे अपरिहार्य ठरते.

५

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी १९८०च्या दशकापासून जात्यावरच्या ओव्यांच्या संकलनाचे काम हाती घेतले. महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून एक लाखावर ओव्या त्यातून जमा झाल्या. या कामात १९९६ मध्ये माजलगावच्या भीमनगरात ध्वनिमुद्रण झाले. २०१७ पासून 'पारी' अर्थात 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया'ने हा संग्रह लोकांसमोर आणण्यास सुरुवात केली, आणि बाबासाहेब आंबेडकरांवरील ओव्यांसाठी माजलगावचे नाव सर्वत्र झाले.

ओवीतील काळ कोणाच्या हातात असतो, या प्रश्नाचे उत्तर येथे शब्दशः देता येते : जात्याचा खुंटा ज्या हातात असतो, त्या हातात. दळणारी बाई गती ठरवते. पहिली ओळ झाल्यावर पाळू किती फिरू द्यायची आणि दुसरी ओळ केव्हा उचलायची, हे तीच ठरवते. समोर दुसरी बाई बसली असेल तर दोन ओव्यांमधल्या घरघरीत तिची ओवी तयार होते. ही घरघर म्हणजे ओवीची कोरी पट्टी होय. तिच्यात पुढच्या गायिकेला जागा असते. त्यामुळे ओवी एकीची राहत नाही आणि निनावीही राहत नाही. ती हातोहात पुढे जाते.

ओवीला स्वतःची चौकटही आहे. ओव्यांना क्रमाने अंक लावून एकेक ओवी एकेका दैवताला किंवा आप्ताला वाहायची, ही जुनी रीत. भीमनगरातील स्त्रियांनी ही रीत मोडली नाही. अंक तेच, चाल तीच, संबोधन तेच. त्या घरांत भीमराव, रमाई, बुद्ध यांची स्थापना झाली. ज्या जागी देव होता तेथे बाबासाहेब आले. परंतु ते देव म्हणून आले नाहीत, नात्यातला माणूस म्हणून आले. माहेरच्या भावाची वाट पाहण्यासाठी शतकानुशतके जी ओवी वापरली गेली, तिच्याच चौकटीत बाबासाहेबांशी भावाचे नाते जोडले गेले. १९५६ च्या धर्मांतराने जुनी दैवते नाकारली. त्यांच्यासाठी बांधलेली गाण्याची घरे मात्र नाकारली नाहीत. ती घरे त्या स्त्रियांचीच होती.

या रूपांतराचे स्थळकाळ विसरता येत नाहीत. विद्यापीठाच्या नामांतराच्या मागणीवरून १९७८ मध्ये मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. माजलगावचे ध्वनिमुद्रण त्यानंतर दोनच वर्षांनी झालेले आहे. ज्या नावासाठी घरे जळाली, ते नाव या बायका दळणाच्या, म्हणजे रोजच्या भाकरीच्या, गाण्यात घेत होत्या. आंबेडकरी जलशांनी आणि वामनदादा कर्डकांच्या गीतांनी ते नाव चौकाचौकांत नेले होते. ओवीने ते उंबऱ्याच्या आत नेले, जेथे मंच नाही, टाळ्या नाहीत, आणि श्रोता असलाच तर मांडीवर झोपलेले मूल. जाहीर घोषणेपेक्षा हे उच्चारण कमी राजकीय मानण्याचे काही कारण नाही.

६

आता दोन्ही रूपांतरे समोरासमोर ठेवता येतील. 'चिंटू' चित्रपटाने आशय राखला आणि चौकट सोडली. भीमनगरच्या ओवीने चौकट राखली आणि आशय बदलला. निष्ठेच्या रूढ कसोटीनुसार पहिले रूपांतर निष्ठावंत ठरेल आणि दुसरे परंपरेशी द्रोह करणारे. प्रत्यक्षात परंपरेची शक्ती दुसऱ्या रूपांतरात अधिक टिकली आहे, कारण तिच्यातील काळ ज्यांच्या हातात होता, त्यांच्याच हातात राहिला. निष्ठा आशयाशी नसते. कृतीने आपल्या वाचकाला वा गायकाला जो अधिकार दिलेला असतो, त्याच्याशी ती असते, असे यावरून म्हणता येईल.

या विधानावर एक आक्षेप संभवतो. ध्वनिमुद्रण आणि संग्रह यांनी ओवीही यंत्राच्या हवाली केली. मग माजलगाव आणि 'चिंटू' यांत फरक तो काय? आक्षेपात तथ्य आहे. फितीवर आलेली ओवी प्रत्येक वेळी तेवढ्याच वेळात संपते, तिच्या घरघरीत नव्या ओवीला जागा नसते. लिखित रूपात तर एक पाठ स्थिर होतो आणि बाकीचे पाठभेद ठरतात. लोकसाहित्याच्या छापील संकलनांनी साने गुरुजींच्या 'स्त्री जीवन'पासून ही किंमत मोजलेली आहे.

परंतु दोन गोष्टी लक्षात घेतल्या पाहिजेत. एक, ओवीचा हात यंत्राने आधीच सोडवलेला होता; ते यंत्र ध्वनिमुद्रणाचे नव्हते, पिठाच्या गिरणीचे होते. गिरणीने बाईच्या मनगटाची पहाटेची वेठ सोडवली, आणि तिचे स्वागत त्याच बायकांनी केले. जाते गेल्याचे दुःख समीक्षकाने त्यांच्यापेक्षा अधिक मोठ्याने करू नये. दोन, हे संकलन ओवीला 'लोक' नावाच्या चेहराहीन समूहाच्या खाती टाकत नाही. गायिका, तिचे गाव, तिचा तालुका यांसह नोंद होते. काही गायिकांकडे दोन दशकांनी पुन्हा जाऊन त्यांचे म्हणणे ऐकले गेले. काळावरचा ताबा गेला, पण कर्तृत्वाची नोंद राहिली. यंत्राने जे घेतले त्याच्या मोबदल्यात काय दिले, हा प्रश्न येथे विचारता येतो आणि त्याला उत्तरही मिळते. 'चिंटू'च्या बाबतीत उत्तर अर्धेच मिळते : एक मैदान आणि काही गाणी.

मराठी विभागांच्या अभ्यासक्रमांत चित्रमालिकेला बालवाङ्मयाच्या टोकाला आणि ओवीला लोकसाहित्याच्या पत्रिकेत जागा दिली जाते. त्यामुळे दोहोंना एकच प्रश्न विचारण्याची संधी सहसा येत नाही. एका पत्रिकेत रूपांतराचा विचार होतो, दुसरीत परंपरेचा. माजलगावच्या ओव्या रूपांतर म्हणून वाचल्या, तर त्या श्रद्धेचा पुरावा न राहता रचनेविषयीचे युक्तिवाद ठरतात. 'चिंटू' हा चित्रपट परंपरेच्या अंगाने पाहिला, तर पिंगुळीच्या चित्रकथ्याने श्रोत्यांकडे पाहत चित्र धरून ठेवण्याची जी कला कमावली, ती या चित्रपटात का उतरली नाही, हे विचारता येते. 'चित्तरकथा' हा शब्द त्याने उचलला. त्या शब्दातले थांबणे मात्र त्याला पेलले नाही.